बोटांची परीक्षा कोण घेणार?
मानेचे मणके हाताने झटकून सैल करणे जोखमीचे. क्वचित का होईना, त्यात मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. तरीही दोन-चार दिवसांच्या कार्यशाळेवर अशा हस्तोपचारांचे, म्हणजे फिजिओथेरपीतल्या ‘मॅन्युअल थेरपी’चे प्रमाणपत्र मिळते, हे अस्वस्थ करणारे आहे. १९७४ साली स्थापन झालेला या शाखेचा आंतरराष्ट्रीय महासंघ जाणत्या मार्गदर्शकाच्या नजरेखाली किमान १५० तास रुग्ण हाताळण्याची अट घालतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीसाठी २००२चा परिषद कायदा आहे, २०२१चा केंद्रीय कायदाही आहे. म्हणजे अधिकार आहेत. मग परिषदेने प्रात्यक्षिक परीक्षा अनिवार्य करावी. परीक्षकाने स्वतःची मान उमेदवाराच्या हाती द्यावी: दाब किती दिला, कुठे थांबला आणि मुख्य म्हणजे कोणत्या रुग्णाला हात लावायचा नाही हे त्याने ओळखले का, ते पाहावे.