कच्च्या चिकनचा पक्का हिशेब

शनिवारची संध्याकाळ. चाकणचा आठवडे बाजार उठत आलेला, तळेगाव चौकात ट्रॅफिक नेहमीसारखं ठप्प आणि चिकनच्या दुकानासमोर फर्स्ट शिफ्ट करून आलेली पोरं, कॉलेजची पोरं, सगळी एकाच रांगेत. ‘दादा, अर्धा किलो कुत्र्याचं टाका’ हे वाक्य या रांगेत नवीन नाही. मुंडी, पंजे, गळे असं जे माणूस घेत नाही ते स्वस्तात घ्यायचं, घरी कुकरला लावायचं, भातात कालवून द्यायचं. हे वर्षानुवर्षं चालत आलंय. नवीन आहे ते त्याच्या पुढचं वाक्य : ‘बारीक करू नका, शिजवायचं नाहीये. आमचा कच्चंच खातो.’

तुमच्या फोनवरही ते रील येऊन गेलं असेलच. चकचकीत स्टीलचं भांडं, त्यात कच्ची लेग पीस, कलेजी, वर एक अंडं फोडलेलं आणि समोर शेपूट हलवणारा हस्की. खाली कॅप्शन, की लांडग्याला कोण शिजवून घालतं? प्रश्न बिनतोड वाटतो. लाइक पडतो. आणि दोन दिवसांनी रूमवरच्या तीन महिन्यांच्या लॅबच्या पिल्लासमोर तोच मेन्यू येतो.

या आहाराला जगभर ‘बार्फ’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांचं ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ हे पुस्तक १९९३ मध्ये आलं आणि तिथून या लाटेने जोर धरला. आज रील्सवर फिरणारा फॉर्म्युला साधारण असा : ८० टक्के मांस, १० टक्के हाडं, १० टक्के कलेजीसारखे अवयव. यातलं सगळंच थापा आहे असं मी म्हणणार नाही. पाकिटातले दाणे महाग आहेत, त्यात नेमकं काय आहे हे लेबल वाचूनही कळत नाही, आणि कुत्र्याला मांस आवडतं यात वादच नाही. शिजवलेलं हाड कच्च्या हाडापेक्षा ठिसूळ होतं, त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात, हेही बार्फवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. ताटात उरलेली बिर्याणीची हाडं कुत्र्याला टाकणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं.

पण लांडग्याचा मुद्दा तेवढा पक्का नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक अ‍ॅक्सेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचवण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. म्हणजे माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोटच बदललं. आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळेची गरज कधी पडलीच नाही म्हणा. मेंढरांमागे फिरणारं धनगराचं कुत्रं काय किंवा खेड तालुक्यातल्या वस्तीवरचं राखणीचं कुत्रं काय, पिढ्यान् पिढ्या भाकरतुकड्यावर पोसलं गेलं. ते काही आदर्श डाएट नव्हे, पण भाकरी खाल्ली म्हणून कुत्र्याचा अपमान होतो हा शोध मात्र इन्स्टाग्रामचाच.

आता पिल्लांचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं होतं आणि ते दिसतं उशिरा. समजा, तुम्ही घाबरून हाडं काढून टाकली आणि नुसतं बोनलेस द्यायला लागलात. मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसतं. एकास पंधरा किंवा त्याहूनही बिघडलेलं प्रमाण. वाढत्या पिल्लाला मात्र दोन्ही जवळपास सारखे हवेत, कॅल्शियम थोडं वरचढच. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते स्वतःच्याच हाडांतून काढून घेतं. पिल्लू गुबगुबीत दिसतं, वजन वाढतं, सगळे म्हणतात ‘काय तब्येत आहे!’ आणि मग एक दिवस ते लंगडायला लागतं. पाय वाकतात. सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीतही हाड मोडू शकतं.

मग उलटं करावं? भरपूर हाडं द्यावीत? लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत तेही अंगाशी येतं. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम नाकारू शकत नाही, आतड्यातून ते आत येतच राहतं, आणि हाडांची-सांध्यांची वाढ बिघडते. जास्त हाडांमुळे शी खडूसारखी घट्ट होऊन पिल्लू कुंथत बसतं ते वेगळंच. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना आहे, आणि मधली वाट अंदाजपंचे सापडत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती आहाराच्या २०० रेसिपी तपासल्या. सगळी आवश्यक पोषकद्रव्यं किमान प्रमाणात देणाऱ्या निघाल्या फक्त ९. त्याही प्रौढ कुत्र्यांसाठीच्या रेसिपी होत्या. पिल्लांचं गणित याहून अवघड. हा फटका शिजवलेल्या घरगुती जेवणालाही बसतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण शिजवलेल्या जेवणात निदान दुसरी एक मोठी भानगड नसते. तिच्यासाठी नागपूरला जावं लागेल.

गोरेवाडा तुम्हाला माहीत असेल. तिथल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात माणसांशी संघर्ष झालेले, जंगलातून पकडून आणलेले वाघ-बिबटे ठेवले जातात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तिथले तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि उत्तर आलं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. पिंजऱ्यातल्या वाघाला बर्ड फ्लू होणार कुठून? संशयाची सुई गेली ती त्यांना खायला दिल्या जाणाऱ्या चिकनकडे. त्याच सुमारास, जानेवारी २०२५ मध्ये, नागपूरला लागूनच असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हाच विषाणू सापडला. रायगड जिल्ह्यात उरणजवळच्या चिरनेरमध्ये कोंबड्यांना लागण झाली तीही त्याच महिन्यात.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. २००४ मध्ये थायलंडमधल्या वाघांच्या एका प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं कच्चं मांस खाल्लेल्या वाघांत हा विषाणू पसरला. ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात डिसेंबर २०२४ मध्ये एक घरातलं मांजर मेलं, तेव्हा विषाणू सापडला तो पाकिटबंद, फ्रोझन, कच्च्या टर्कीच्या कॅट फूडमध्ये. फ्रोझन म्हणजे सेफ, हा समज तिथेच संपतो. फ्रीजर जंतूंना झोपवतो, मारत नाही.

कुत्रा म्हणजे वाघ नाही, हे खरं. मांजराच्या कुळाला हा विषाणू जसा झोपवतो तसा कुत्र्याला सहसा झोपवत नाही. पण ‘सहसा’ या शब्दावर किती भरवसा ठेवायचा? कॅनडातल्या ओंटारिओमध्ये २०२३ साली जंगली हंस चघळलेला एक पाळीव कुत्रा बर्ड फ्लूने मेला. दुसरीकडे, मांस आतपर्यंत ७० अंशांना तापलं की हा विषाणू संपतो. उकळत्या पाण्याचं तापमान १०० असतं. म्हणजे हा सगळा धोका कुकरच्या दोन शिट्ट्यांत निकालात निघतो.

या सगळ्यात चाकण कुठे येतं, असं विचाराल, तर नेमकं इथेच येतं. परदेशात बार्फ खाणाऱ्या कुत्र्याच्या मागे एक साखळी असते. तपासणी झालेला कत्तलखाना, शीतगृह, कधी उच्च दाबाची प्रक्रिया केलेलं पाकीट. ती साखळीही तुटते, हे ओरेगॉनने दाखवलं. आपल्याकडे साखळी म्हणजे टेम्पोतून आलेल्या जाळीतल्या कोंबड्या, एक लाकडी ठोकळा, एक सुरा, पाण्याची बादली आणि काळी पिशवी. दुकानदाराची यात चूक नाही. तो हे मांस शिजवून खाल्लं जाणार या हिशेबानेच विकतो. आपल्या सगळ्या स्वयंपाकाची रचनाच त्या गृहीतकावर आहे. हळद-मीठ लावा, उकळा, मग खा. बार्फ त्या रचनेतली नेमकी शेवटची पायरी काढून टाकतं आणि बाकी सगळं तसंच ठेवतं.

ती पिशवी मग जाते मेदनकरवाडीच्या किंवा नाणेकरवाडीच्या वन बीएचकेमध्ये, जिथे चौघं राहतात आणि फ्रीज एकच आहे. त्यातही गुरुवार म्हणजे एमआयडीसी पट्ट्यातला लाइट जाण्याचा वार. वरच्या कप्प्यातलं चिकन वितळतं, खाली कुणाच्या तरी कोथिंबिरीवर टपकतं. त्याच ओट्यावर सकाळी पोहे होतात. कुत्रा खातो, भांडं चाटतो आणि मग तुमचं तोंड चाटतो. साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याच्या पोटातून कित्येकदा त्याला काहीही न होता बाहेर पडत राहतात. त्याला काही होत नाही म्हणून आपल्याला वाटतं, चाललंय मस्त.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले, तेव्हा कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांत औषधांना दाद न देणारे ई-कोलाय जंतू सापडण्याचं प्रमाण जास्त होतं. हे आपल्याला का लागावं? कारण दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले होते आणि त्यातल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश मिळाले होते. कोलिस्टिनसारखं, माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबड्यांना देण्यावर केंद्र सरकारला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. जिथे कोंबडीला अशी औषधं मिळतात, तिथे त्यांना पुरून उरणारे जंतूही वाढतात. रूममध्ये कुणाला जुलाब झाले आणि मेडिकलमधली नेहमीची गोळी लागू पडली नाही, तर कुणी कुत्र्याच्या वाडग्याकडे बोट दाखवणार नाही.

मटणाची गोष्ट थोडक्यात, पण ती जास्त गंभीर आहे. चाकणचा शनिवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध. शेळ्या-मेंढ्या इथे मोठ्या संख्येने येतात. मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेली गाठ असते. तो एका फीतकृमीचा टप्पा असतो. ते काळीज कच्चं कुत्र्याच्या पोटात गेलं की तिथे कृमी वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती हाताला, भाजीला लागून माणसाच्या पोटात गेली की आपल्या यकृतात तशीच गाठ वाढायला लागते. वर्षानुवर्षं, काहीही न दुखता. नंतर अनेकदा ऑपरेशनच करावं लागतं. आइसलँडमध्ये हा रोग एकेकाळी घरोघरी होता. तो हटला, त्यात मोठा वाटा होता लोकांनी कुत्र्यांना असं कच्चं काळीज घालणं बंद करण्याचा.

हे झालं आपल्या कुत्र्याचं. कॉलेजच्या गेटवरच्या भुऱ्याचं काय? दुकान बंद होताना उरलेली आतडी-कातडी रस्त्याकडेला ओतायची आणि दहा कुत्री तुटून पडलेली बघायची, हेही कच्चं खाऊ घालणंच आहे, फक्त त्याला हॅशटॅग नाही. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खाऊ घालायला मनाई केली आणि पालिकांना त्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितलं. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, एसटी स्टँड अशा आवारांतली कुत्री उचलून, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, पुन्हा तिथे सोडायची नाहीत, असं ठरलं. कॅम्पसवर यावरून दोन तट पडलेत आणि दोन्हीकडे मुद्दे आहेत. पण वादात एक गोष्ट मागे पडते. २०२३ च्या केंद्रीय नियमांतही खाऊ घालणाऱ्याने घाण करू नये, मुलांच्या खेळण्याच्या आणि येण्या-जाण्याच्या जागा टाळाव्यात असं स्पष्ट आहे. कच्ची आतडी टाकून गाडीला किक मारणारा आणि शिजवलेला भात ठरलेल्या वेळी घालून, जागा धुऊन जाणारा, हे दोघं कागदावर सारखेच ‘फीडर’. शेजारच्यांचा राग मात्र पहिल्याने ओढवून घेतलेला असतो आणि शिव्या दुसरा खातो.

तुमच्याकडे पिल्लू असेल तर पहिल्या लसीच्या वेळीच पशुवैद्यांना त्याच्या वयाप्रमाणे आणि जातीप्रमाणे कॅल्शियमचा हिशेब विचारून घ्या; रीलमधल्या दादाने तुमचं पिल्लू पाहिलेलं नाही. चिकन द्या, खुशाल द्या, शिजवून आणि हाडं काढून. कांदा-लसूण मात्र नको. चाकणच्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

राहता राहिले ते निवारे, जे आता नगरपरिषदांना आणि महापालिकांना उभारावे लागणार आहेत. तिथे शेकडो कुत्र्यांना रोज एकाच टेम्पोतून आलेलं चिकन वाढलं जाईल, गोरेवाड्यात वाढलं जायचं तसंच. चाकण नगरपरिषदेत कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा, निवाऱ्याच्या खर्चाच्या अंदाजात गॅस सिलिंडर आणि मोठी पातेली धरली आहेत का.