कपाटात हरवलेली गाडी

“हरवल्याचं ठिकाण?” ठाणे अंमलदारांनी पेन उघडून विचारलं.

“कपाट,” मी म्हणालो.

त्यांनी पेन पुन्हा बंद केलं. “काका, कपाटात वस्तू हरवत नाही. कपाटात ठेवलेली सापडत नाही. त्याची नोंद आम्ही कशी घ्यायची?”

माणूस भला होता आणि त्याचं म्हणणंही चूक नव्हतं. पण माझी अडचण खरी होती. अण्णांच्या फियाटचं आर. सी. बुक गोदरेजच्या कपाटात होतं, एवढं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते शेवटचं कुणी आणि केव्हा पाहिलं, हे मात्र कुणालाच सांगता येईना. अखेर ‘घर ते बाजारपेठ या प्रवासात गहाळ’ असं लिहून झालं आणि मी खाली सही ठोकली. आमची गाडी आमची आहे, हे खरं सिद्ध करण्याच्या प्रवासातलं माझं पहिलं पाऊल असं खोट्या वाक्यावर पडलं.

गाडी १९६८ची. फियाट इलेव्हन हंड्रेड डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. तिच्या आधीच्या गोलमटोल फियाटला लोक प्रेमानं ‘डुक्कर’ म्हणत. आमची जरा कोनदार, सभ्य दिसणारी. तेव्हा पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नसे, नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. अण्णांनी सहा वर्षं वाट पाहिली होती, असं ते पाहुण्यांना सांगत. माझा जन्म त्या सहा वर्षांतलाच, पण त्याचं कौतुक त्यांनी कधी एवढं केलेलं मला आठवत नाही!

दसऱ्याला झेंडूची माळ घालताना एकदा ते मला म्हणाले होते, “माझ्यामागं ही तुझी.” बस्स. आपल्याकडे बक्षीसपत्रं अशीच होतात. शेताच्या बांधावर, ओसरीवर, कधी दवाखान्यातल्या खाटेवर. बोलणाऱ्याच्या शब्दाला मान असतो, तोवर कागदाची आठवण होत नाही. अण्णा २०१८ साली गेले. गाडी त्याआधीच आठ-दहा वर्षं शेडमध्ये उभी होती. नोंदणीचं शेवटचं नूतनीकरण २००३चं, तेही २००८ साली संपलेलं. त्यानंतरही दोनेक वर्षं अण्णा तिच्यातून भाजी आणायला जात. ते बेकायदा होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण घरोघरी हा प्रसंग येणार आहे. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या ५०व्या कलमानुसार मालक वारला, की वारसानं ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं. तसं कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच मुदतीत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची. हे तीस दिवस म्हणजे काय, ते ज्याच्या घरात माणूस गेलंय त्यानंच सांगावं. दहावा, तेरावा, भेटायला येणारी माणसं, बँक, पेन्शन. त्यात शेडमधल्या गाडीची आठवण कुणाला होते?

मला ती पाच वर्षांनी, २०२३ साली झाली. आणि तेव्हा जे चक्र सुरू झालं, ते असं. फॉर्म ३१ सोबत मूळ आर. सी. बुक जोडा. बुक नसेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ भरा. फॉर्म २६ वर नोंदणीकृत मालकाची सही हवी. मालक वारलेले. मग आधी गाडी वारसाच्या नावावर करा. त्यासाठी बुक जोडा. विमा काढायला गेलो, तर तिथंही बुक. संगणकावर गाडीचा नंबर टाकला, तर नोंदच सापडेना. ‘एमएच’ येण्यापूर्वीचा तीन अक्षरी नंबर, आणि २००३ नंतर तिचा एकही कागद कार्यालयात गेलेला नाही. संगणकाच्या लेखी आमची गाडी जन्मालाच आली नव्हती.

एका एजंटानं तोडगा काढला. “काका, व्हिंटेजमध्ये टाका!” २०२१ साली केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी खास नियम केले. नव्या नोंदणीची फी २० हजार, नोंदणी दहा वर्षांची, नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या कामाला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यांपुरतीच बाहेर काढायची. नियम चांगला आहे, संस्थानिकांच्या रोल्सला शोभणारा आहे. पण भाजीच्या पिशव्या वाहिलेल्या फियाटनं प्रदर्शनात उभं राहून काय करायचं? शिवाय मालकी आधी सिद्ध करावी लागणार, ती लागणारच.

माझी तक्रार फीबद्दल नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२२ साली ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेली, आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती दहा हजार झाली. हौसेला मोल असतं, ते द्यावं. तक्रार आहे ती वेगळी. आर. सी. बुक हे मालकीचं मूळ नव्हे. मूळ आहे ते कार्यालयाच्या नोंदवहीत. आपल्या हातातलं बुक हा त्या नोंदीचा दाखला. नागरिकाकडून दाखला हरवला, तर कार्यालयानं प्रथम स्वतःची वही उघडावी, की नागरिकाला पोलीस ठाण्यात पाठवून त्याच्याकडून कथा लिहून घ्यावी? वारसाकडे बुक नसेल, तर फॉर्म ३१ आणि फॉर्म २६ एकाच खिडकीवर, एकाच वेळी घेण्याची सरळ सोय का नसावी? शेवटी माझं काम झालं ते तसंच, एका प्रतिज्ञापत्राच्या आधारे दोन्ही अर्ज एकत्र घेऊन. पण त्यासाठी नऊ खेपा आणि एक कनवाळू कारकून लागला.

२०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची नोंदलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची होऊन निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी केवढा गहिवर काढला! त्याच आठवड्यात आमच्या आळीतली एक धडधाकट फियाट केवळ कागद नाहीत म्हणून भंगारात गेली. तिच्यावर कुणी ओळसुद्धा लिहिली नाही.

तो कारकून निवृत्तीला आलेला. त्यानं मला रेकॉर्ड रूममध्ये नेलं आणि तिसऱ्या दिवशी वही सापडली. शाईत लिहिलेलं अण्णांचं पूर्ण नाव, जुन्या वाड्याचा पत्ता, चॅसिस नंबर, इंजिन नंबर. मी गाडीवरून काढलेला पेन्सिलीचा ठसा शेजारी धरला. आकडा न् आकडा जुळला. आणि खाली एक नोंद: गाडी बँकेकडे तारण, १९७३ साली तारण रद्द. अण्णांनी गाडीसाठी कर्ज काढलं होतं, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

आता वारसांची संमती उरली. आई नाही, वारस दोनच, ताई आणि मी. ताईचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र हवं होतं. ते टाइप करून, तिच्या नावापुढं फुलीची खूण करून मी तिच्याकडे गेलो. सही ही औपचारिकताच, असं मी धरून चाललो होतो. बोलता बोलता कर्जाचं सांगितलं.

“मला माहीत आहे,” ताई म्हणाली. “हप्ता भरायला दर महिन्याला अण्णांबरोबर मीच जायचे. ते आत जायचे, मी गाडीत बसून राखण करायची.”

मग मला एकेक आठवू लागलं. १९७६ साली अण्णांनी गाडी शिकवली ती तिला. मी मागच्या सीटवर बसून हसत होतो. पावसाळ्यात बॅटरी उतरली, की धक्का मारायला मी आणि स्टिअरिंगवर ती. लग्न होऊन ती गेली, आणि गाडी आपोआप ‘घरची’ म्हणजे माझी झाली. दसऱ्याचं ते वाक्य अण्णा बोलले तेव्हा ती तिथं नव्हतीच. तिला सांगावं, असं मला तेव्हा वाटलं नाही, नंतरच्या इतक्या वर्षांतही वाटलं नाही. कायद्याच्या लेखी मुलगी आणि मुलगा सारखेच वारस. नऊ खेपा घालायला लावणाऱ्या त्या कार्यालयानं निदान तिला विचारायला मला भाग पाडलं. नाहीतर मी विचारलं नसतं.

मी कागद उलटा ठेवला. म्हटलं, “ताई, तुझ्या नावावर करू या. मी संमती देतो.”

तिनं चष्मा लावून कागद सरळ केला, सगळा वाचला, ‘सदर वाहनावर माझा कोणताही हक्क राहणार नाही’ या ओळीवर जरा थांबली आणि सही केली. “मला गुडघ्यांमुळे क्लच दाबता येत नाही आता,” एवढंच म्हणाली.

कार्ड टपालानं आलं. मालकाच्या जागी माझं नाव, मालकी क्रमांक २. २०२१च्या दुरुस्तीपासून गाडीलाही नॉमिनी लावता येतो. मालकाच्या पश्चात गाडी कुणाच्या नावावर व्हावी, ते त्यानं हयातीतच नोंदवायचं. अण्णांच्या वेळी ही सोय नव्हती. मी लगेच ती केली आणि ताईला फोन करून सांगितलं, नॉमिनी म्हणून तुझं नाव घातलंय.

ती कितीतरी वेळ हसत होती. “अरे वेड्या,” म्हणाली, “मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे!”