रिकाम्या हातांचे दुखणे

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ हा क्रम महाराष्ट्राने केव्हाच उलटा केला आहे. कोरडवाहू शेतीचा भरवसा उरला नाही, तेव्हा मराठवाड्यातील, विदर्भातील अनेक कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यास धाडले. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांतून पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या या तरुणांना आळशी कोण म्हणेल? तरीही त्यांच्यातील कित्येकांची झोप उडालेली असते. सणाला गावी जाणे ते टाळतात. ‘सध्या काय करतोस?’ हा साधा प्रश्नही त्यांना आरोपासारखा वाटतो.

देशातील बेकारीचे प्रमाण २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत ३.२ टक्के होते. पंधरा ते एकोणतीस या वयोगटात मात्र ते १०.२ टक्के भरले. परंतु या दुखण्याची खोली आकड्यांत मावत नाही. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावची कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकारांची पाहणी केली. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. हाती वेळ मुबलक असूनही गावातील वाचन घटले, माणसांची चालसुद्धा मंदावली, असे तीत आढळले. काम वेतनाखेरीज दिवसाला आकार, माणसांचा सहवास आणि समाजात स्थान देते, हे याहोडाने पुढे विशद केले. घरून येणारा पैसा वेतनाची उणीव काही काळ भरून काढील. बाकीच्या गोष्टी मनिऑर्डरीने येत नाहीत.

अशा तरुणास ‘खंबीर राहा’ असा उपदेश करणे सोपे असते. २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा उपयुक्त आहे आणि तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक अभ्यासिकेत लावला पाहिजे. परंतु समुपदेशनाने रिक्त पदे भरली जात नाहीत. ग्रामीण भागातील अकुशल हातांना काम मागण्याचा हक्क महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने दिला. सुशिक्षितांना तशी हमी देणे शासनास कठीण वाटत असेल, तर निदान जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नेमणूक यांच्या तारखा तरी पाळाव्यात. अपयश माणूस पचवितो आणि दुसरी वाट धरतो. अंत नसलेली प्रतीक्षा मात्र त्याला धड थांबू देत नाही, धड निघू देत नाही. वयोमर्यादेचा काटा तेवढा पुढे सरकत असतो.