चमकणारे कण आणि हेन्रिएटा

मैत्रिणींनो, सिलिकॉनचा आपल्या अंकाशी काय संबंध, असं काहीजणी म्हणतील. संबंध आहे.

वाळूतला, संगणकाच्या चिपमधला हाच सिलिकॉन. एरवी तो प्रकाश देत नाही म्हटलं तरी चालेल. पण त्याला अतिसूक्ष्म छिद्रं पाडली की तो लाल चमकतो, हे ब्रिटनमधल्या ली कॅनहॅम यांनी १९९० मध्ये दाखवलं. आता त्याचे नॅनोमीटर मापाचे कण करतात. अतिनील प्रकाशात ते चमकतात. लोहासारखा पदार्थ जवळ आला की चमक मंदावते, आणि किती मंदावली त्यावरून तो पदार्थ मोजता येतो. कॅडमियमचे चमकणारे कण विषारी असू शकतात. सिलिकॉनचे मात्र शरीरात विरघळून लघवीवाटे बाहेर पडतात, हे २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. चांगलंच आहे. मी विज्ञानाला विरोध करायला बसलेली नाही.

पण हे कण पेशीत कसे चमकतात ते पाहायला पेशी लागतात. पुष्कळ प्रयोगशाळांत त्या असतात ‘हेला’. हेन्रिएटा लॅक्स या नावाची ही आद्याक्षरं. बाल्टिमोरजवळ राहणारी ही काळी बाई, पाच मुलांची आई. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचारासाठी १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. तिथे तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला, तिला न विचारता. त्याच वर्षी ती वारली, एकतीस वर्षांची. पेशी वाढत राहिल्या, विकल्याही गेल्या. घरच्यांना कळायला वीसेक वर्षं लागली. पेशी विकणाऱ्या एका कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली ती थेट २०२३ मध्ये. शोधनिबंधांत मात्र ‘हेला पेशी’ एवढंच. जणू त्या बाटलीतच जन्मल्या!

मी वस्तीत काम करते. शिबिरात बायकांचं रक्त घेतात. कशासाठी? ‘तपासणी आहे, बाई.’ अहवाल हातात पडेलच असं नाही. उरलेल्या रक्ताचं काय, असं विचारणारी आगाऊ ठरते. उद्या सिलिकॉनच्या कणांची चाचणी आली, तर ती आधी कोणाच्या रक्तावर करून पाहतील?

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय, पुढच्या शिबिराआधी आयोजकांना तीन प्रश्न लेखी द्यायचे. नमुना कुठे जाणार? अहवाल बाईच्या हातात कधी देणार? आणि ती नाही म्हणाली, तर औषध मिळेल ना?