कपिलधारची पोथी आणि कुलूपबंद पडदा

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे मन्मथस्वामींचे समाधिस्थान. त्यांच्या मराठी ‘परमरहस्या’ची पोथी नकलून घ्यावी, सोबत न्यावी, परमुलखात वाचावी. कार्तिकी पौर्णिमेला कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक येथे येतात. चित्रपटही आरंभी असाच हिंडला: १९१४ मध्ये फाळक्यांनी आपले चित्रपट लंडनमध्ये दाखवले.

पुढे डीव्हीडीने जगाचे विभाग पाडले. भारत पाचव्यात, अमेरिका पहिल्यात. घरून नेलेली तबकडी तिथे मुकी! आता आयपी पत्ता पाहून पडदाच मिटतो.

निर्मात्याचा मोबदला रास्तच. परंतु परदेशस्थ मराठी प्रेक्षक दाम मोजण्यास सिद्ध असता दार लावणे, हे कलेचे नव्हे, बाजाराच्या वाटणीचे रक्षण होय. अशा बाजाराने पायरसीच्या नावाने गळा काढणे हा शुद्ध दांभिकपणा आहे.