पाटी चकाकते, पण नाव टिकते का?

विहार असो, वाचनालय असो की समाजमंदिर, बांधकाम झाले की देणगीदारांच्या नावांची पाटी लागते. रोजंदारीतून शंभर रुपये काढून देणाऱ्या बाईचेही नाव तीवर असते. म्हणून पाटी म्हणजे दिखाऊ खर्च, असे आम्ही मानत नाही. सातारा-सांगलीकडेही आता पाट्या लेसरवर करून घेतात. काम सुबक होते. पण लेसरचे सगळे काम सारखे नसते, हे विसार देण्यापूर्वीच समजून घ्यावे.

धातूला फायबर लेसर लागतो. लाकूड, अॅक्रिलिक यांना कार्बन डायऑक्साइडचा; त्याचा किरण उघड्या पितळेवरून बहुतेक परततो. स्टीलवर अक्षर दोन तऱ्हेने उमटते. एकीत पत्रा नुसता तापवून वरचा थर काळा करतात. दिसायला झकास, पण बोट फिरवले तर खोली लागत नाही. दुसरीत त्याच रेषेवर किरण पुन्हा पुन्हा फिरवून धातू खरोखर काढतात. वेळ जास्त, म्हणून दामही जास्त. बाहेरच्या भिंतीसाठी हीच घ्यावी. मग कडांची खरखर बारीक पॉलिश पेपरने काढून खाचेत इनॅमल रंग भरावा. पितळ काळवंडते, त्यावर पारदर्शक लॅकर हवेच. काळ्या ग्रॅनाइटवर लेसरचे अक्षर पांढरे उठते, पण उथळ. तिथे आमच्या मते अजून छिन्नीवालाच बरा.

चालुक्य राजा जयसिंहाचा इ.स. 1024 चा मिरज ताम्रपट अभ्यासकांना वाचता आला, कारण अक्षर तांब्यात उतरले होते. तो राजा होता. आपल्या शेतमजूर देणगीदाराचे नाव पाच-दहा वर्षे तरी नको का टिकायला?

हा धंदा घालू पाहणाऱ्या मुलांनो, पीव्हीसी किंवा त्याचे रेग्झिन लेसरखाली धरू नका. विषारी वायू निघतो, यंत्रही गंजते. चष्मा त्या किरणासाठीचाच हवा, रस्त्यावरचा गॉगल नव्हे.

घोळ मात्र यंत्रापेक्षा मजकुरात जास्त होतो. जुन्या मराठी फाँटची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरे तुटतात. तेव्हा दुकानातूनच कागदावर प्रत काढून घ्यावी, ज्याचे नाव त्याला दाखवावी, चिटणीसांची सही घ्यावी आणि मगच यंत्र सुरू करू द्यावे. खोल कोरलेले अक्षर पुन्हा खोडता येत नाही.