तारीख कोणी बदलायची?

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचे असते. आपले मराठी पंचांगही चंद्रावरच चालते, पण साधारण तेहतीस महिन्यांनी त्यात अधिक मास येतो आणि सण पुन्हा आपापल्या ऋतूत बसतात. हिजरी कालगणनेत ही सोय नाही. त्यामुळे रोजे कधी मे महिन्याच्या काहिलीत येतात, तर कधी कडाक्याच्या थंडीत. सुमारे ३३ वर्षांत बारा महिन्यांची फेरी पुरी होते.

या फेरीत आमचे सण वाटेत भेटतील त्या सणांना भेटत जातात. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे मोहरम गणेशोत्सवात आला. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी होती. २०२३ मध्येच २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आले. २०२५ ची धुळवड १४ मार्चला, म्हणजे रमजानमधल्या शुक्रवारी होती.

समाजासमाजांत संवाद हवा, असे या महिन्यात बरेच बोलले जाते. इफ्तारच्या दावतीत तर हमखास. टोपी, खजूर, फोटो, दोन शेर, आणि सगळे घरी. अशा दावतींना माझा विरोध नाही. एकत्र बसून खाणे कधीच वाईट नसते. पण तिथे कोणाला काही सोडायचे नसते, म्हणून तिथल्या बोलण्यावरून फारसे काही कळत नाही. एकच रस्ता, एकच दिवस आणि दोन मिरवणुका असतात, तेव्हाचे बोलणे तपासून पाहायला हवे.

२०२३ चा प्रसंग त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुंबईत ईद-ए-मिलादचा मोठा जुलूस भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून निघतो. त्याला शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. लालबागच्या राजाची विसर्जन मिरवणूकही भायखळ्यावरूनच जाते आणि मोठ्या गणपतींचे विसर्जन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालते, हे मुंबईकरांना सांगायला नको. दोन्ही मिरवणुका एकाच दिवशी निघाल्या असत्या, तर पोलिसांनी बंदोबस्त केलाही असता. पण गर्दीत एखाद्याला नुसता धक्का लागला असता, तरी त्याचा व्हिडिओ रात्रीपर्यंत कुठल्या कुठे पोचला असता. खिलाफत हाऊसमध्ये बैठक झाली आणि जुलूस एक दिवस पुढे, २९ सप्टेंबरला नेण्याचे ठरले. राज्य सरकारने ईदची सुट्टीही २९ तारखेला हलवली. २०२४ मध्ये ईद १६ ला आणि विसर्जन १७ ला होते. तेव्हा मुंबईतली सुट्टी १८ सप्टेंबरला गेली आणि इतर जिल्ह्यांचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवला गेला. २०२५ मध्ये ईद ५ सप्टेंबरला आणि विसर्जन ६ ला. मुंबईची सुट्टी ८ ला गेली. तीन वर्षे, तीन बैठका, आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन परिच्छेद. दंगल झाली असती तर पहिले पान मिळाले असते.

(एक भाषिक गंमत इथेच सांगते. हिंदीत पुष्कळ लोक ‘खिलाफत करना’ म्हणजे विरोध करणे असे म्हणतात. खिलाफत म्हणजे खलिफाचे पद. विरोधाला उर्दूत शब्द आहे मुखालफत. आणि नुसता मतभेद असेल, वैर नसेल, तर त्याला म्हणतात इख्तिलाफ. माझ्या वर्गात मी हे तीन शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिते. मुले पहिले दोन लगेच वापरू लागतात, तिसऱ्याला वेळ लागतो.)

हा तोडगा निघाला कसा, हे नीट पाहिले पाहिजे. ‘दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा दाखवला’ एवढ्यावर आपण सोडून देतो. प्रत्यक्षात दोन्हीकडच्यांना एकमेकांची थोडी माहिती होती. अनंत चतुर्दशीची तिथी हलत नाही. गणपतीला उद्या जा, असे सांगता येत नाही. उलट मिलादचा जुलूस हा प्रेमाचा, आदराचा भाग आहे, पण नमाज-रोज्यासारखे ते फर्ज नाही. मुसलमानांत असा मोठा वर्ग आहे, जो जुलूस काढतच नाही आणि काढणे योग्यही मानत नाही. म्हणजे एका बाजूची गोष्ट अचल होती आणि दुसरीची सरकवता येण्याजोगी होती. बकरी ईदचेही तसेच. कुर्बानी तीन दिवस करता येते. कोकणातल्या शाफई मुसलमानांच्या फिक्हप्रमाणे चार दिवस. म्हणूनच आषाढीच्या दिवशी पंढरपुरात आणि इतरही अनेक गावांत मुस्लिम समाजाने कुर्बानी दुसऱ्या दिवसावर टाकली. धर्म मोडला नाही, वारकऱ्यांचा मान राहिला.

समोरच्याला त्याच्या धर्मात काय बदलता येत नाही आणि काय बदलता येते, हे विचारण्यातून बोलणे पुढे जाते. ‘आमच्या भावना’ या शब्दापाशी ते अडते, कारण भावनेला तारीखही नसते आणि वेळही नसते. शुक्रवारच्या नमाजचेच घ्या. जुम्याची वेळ दुपारी सूर्य ढळल्यापासून अस्रपर्यंत असते. दीडची नमाज अडीचला करता येते. हे ठाऊक असलेला अधिकारी एका वाक्यात काम करून घेऊ शकतो.

पण ते वाक्य कसे उच्चारले जाते, यावर पुढचे सगळे ठरते. २०२५ च्या होळीआधी उत्तर प्रदेशात संभलला शांतता समितीच्या बैठकीच्या निमित्ताने एका पोलीस अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले, की होळी वर्षातून एकदा येते आणि जुमा बावन्न वेळा. ज्यांना रंगाची अडचण असेल त्यांनी घरातच थांबावे. तिथल्या अनेक मशिदींनी नमाजची वेळ दुपारी पुढे नेली. मिरवणुकीच्या वाटेवरच्या मशिदी ताडपत्रीने झाकल्या गेल्या. दिवस शांततेत गेला. हिशेबाने पाहिले तर भायखळ्यात जे घडले तेच संभलमध्ये घडले: मुसलमानांनी आपला कार्यक्रम सरकवला. मात्र एका ठिकाणी त्यांनी बैठक घेऊन ठरवले आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांना त्यांची जागा सांगण्यात आली. भायखळ्यातला माणूस दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगू शकतो, ‘आम्ही तुमच्यासाठी थांबलो.’ संभलच्या माणसाकडे सांगण्यासारखे काही उरले नाही. शिवाय तो हिशेबही अर्धवट होता. जुमे बावन्न असतात, पण रमजानचे जुमे चारच, फार तर पाच. रोजेदारासाठी त्यांचे मोल वेगळे आहे. हे त्या अधिकाऱ्याला कोणी सांगायचे, आणि त्या खोलीत सांगण्याची हिंमत कोणाची होणार?

आता गैरसोयीच्या प्रश्नाकडे येते. मिलादची सुट्टी पुढे गेली, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, ‘मॅडम, दरवेळी आपणच का?’ प्रश्न उर्दूत विचारला होता, हळू आवाजात. वर्गातल्या इतर मुलांना तो कळू नये, अशी त्याची इच्छा असावी. मी तो मराठीत मोठ्याने सांगितला आणि बाकीच्यांना काय वाटते ते विचारले. एक मुलगी म्हणाली, ‘आम्हाला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर आम्हीही काहीतरी केलं असतं.’ काय केले असते, हे तिला सांगता आले नाही. पण तिच्या म्हणण्यात खोट नव्हती.

या मुलाला ‘मोठ्या मनाने घ्यावे’ असे सांगून गप्प बसवणे सोपे आहे. आमच्यातले बुजुर्ग तेच करतात. मला ते पटत नाही. वर दिलेली यादी पाहिली, तर सरकवणारी बाजू जवळजवळ प्रत्येक वेळी एकच आहे. त्याला फिक्हची लवचीकता हे कारण आहे, तसेच संख्याबळही आहे. दोन्ही कारणे खरी आहेत आणि दुसरे कारण झाकून पहिलेच सांगितले, तर वीस वर्षांच्या मुलाला ते कळते. दुसऱ्या बाजूने काहीच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अजानच्या वेळी मशिदीसमोर ढोल-ताशे थांबवणारी मंडळे महाराष्ट्रात कमी नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, ही गोष्ट दरवर्षी बातम्यांत येते. पण ही सगळी स्थानिक माणसांची भलाई आहे, तिला पद्धतीचे रूप नाही. पद्धत असती, तर सवलत मागणे आणि देणे हे दोन्ही बाजूंच्या वाट्याला आले असते. विसर्जनाची तिथी हलत नाही हे मान्य. मार्ग, वेळ, आवाज, एखाद्या चौकातला मुक्काम या तर हलणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांच्याबद्दल विचारायला काय हरकत आहे?

विचारायचे कुठे, तर शांतता समितीत. सण चार दिवसांवर आला की पोलीस ठाण्यात ही बैठक होते. त्याच त्या खुर्च्या, तेच माजी नगरसेवक, तेच मौलाना, तेच मंडळाचे अध्यक्ष, चहा-बिस्किटे, शेवटी टाळ्या. स्त्रिया बहुधा नसतातच. ज्या पोरांच्या मोबाइलवर पहिली अफवा पोचते, ती पोरेही नसतात. सणांच्या तारखा पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात, आणि चंद्रदर्शनाने आमची तारीख फार तर एका दिवसाने इकडे-तिकडे होते. चार महिने आधी बसले तर बोलणे होईल, चार दिवस आधी बसले तर फक्त सूचना दिल्या जातील.

बोलणे वेळेवर झाले नाही की काय होते, त्याचे उदाहरण भोंगा. फजरची अजान बहुतेक वर्षभर सकाळी सहाच्या आधी होते. आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. परीक्षेला बसलेली मुलगी, रात्रपाळी करून आलेला कामगार, तान्हे बाळ, हृदयविकाराचा रुग्ण यांची तक्रार धर्माविरुद्ध नव्हतीच. दुसऱ्या बाजूला अजानच्या आवाजाने जाग येणारे, त्या आवाजावर आयुष्याचे घड्याळ लावलेले म्हातारे होते. या दोघांना कोणी एका खोलीत बसवले नाही. मग २०२२ मध्ये ३ मेची राजकीय मुदत आली, हनुमान चालिसाचे आव्हान आले, आणि ज्यांना खरोखर झोप हवी होती, त्यांचा आवाज त्या गोंगाटात बुडाला. त्याच काळात दक्षिण मुंबईतल्या काही मशिदींनी फजरला भोंगा न लावण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगितले, आणि तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करण्यास पोलिसांना बजावले. हा शेवटचा मुद्दा मला जास्त बोलका वाटतो. शेजाऱ्याला ‘आवाज कमी करा’ म्हणायला नाव लपवावे लागते! त्यानंतर मुंबईतल्या काही मशिदी अजान मोबाइल अ‍ॅपवर ऐकवू लागल्या. हा मार्ग दहा वर्षे आधीही निघू शकला असता. आणि आता मिलादच्या जुलूसमध्येही डीजे शिरला आहे, उलेमा ओरडत असूनही. तेव्हा आवाजाच्या प्रश्नावर दोन्हीकडच्या थोरांची डोकेदुखी एकच झाली आहे.

दुसऱ्याने ऐकावे असे म्हणणाऱ्या आम्हाला घरातले ऐकू येते का? या पानावर हे लिहायलाच हवे. मतभेद पचवण्याची आमची परंपरा जुनी आहे. इमाम अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी आपल्या गुरूशी कितीतरी मुद्द्यांवर असहमती दाखवली, आणि तिन्ही मते एकाच पंथाच्या ग्रंथांत आदराने नोंदली गेली. आजही तरावीह आठ रकात की वीस, अस्र कोणत्या वेळी, यावर एकाच मोहल्ल्यात दोन मते नांदतात. पण १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत मोर्चा घेऊन निघाल्या, तेव्हा इख्तिलाफची ही ऐट कुठे गेली होती? त्यांनी तोंडी तलाकबद्दल विचारले होते. दलवाईंची सगळी मते मान्य करण्याची गरज नव्हती, त्या सात जणींना बसवून ऐकायचे होते. त्यानंतर ५१ वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. खटला चालू असताना पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयाला सांगितले, की निकाह लावतानाच काजी वराला यापासून परावृत्त करतील. हे १९६६ मध्ये सांगता आले असते. २०१९ मध्ये कायदा आला, तो तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासासह. त्यावर आमच्याकडे अजून नाराजी आहे, आणि शिक्षेच्या तरतुदीबद्दल माझेही आक्षेप आहेत. पण घरातले बोलणे पन्नास वर्षे टाळले, की बाहेरचा माणूस येऊन निकाल देतो. भोंग्याचे झाले तसेच हे झाले.

सणांची फेरी तर चालूच राहणार. रमजान होळीच्या महिन्यातून मागे सरकत माघ-पौषाकडे निघाला आहे. २०३० मध्ये एकाच इंग्रजी वर्षात तो दोनदा सुरू होईल: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. त्या जानेवारीत वाटेत मकरसंक्रांत आहे. तिला मिरवणूक नसते, त्यामुळे शांतता समिती बसणार नाही, सुट्टीचा आदेश निघणार नाही. हळदीकुंकू मात्र संध्याकाळी असते आणि इफ्तारही संध्याकाळीच. ती वेळ शेजारणींना आपसातच ठरवावी लागेल.